सातव्याले कोंडा

मोबाईलमधलं कुठलंही ॲप नवं झालं की सोबत एक यादी येते, 'या आवृत्तीत नवीन काय'. ती कोणी वाचत नाही. लिहिणाराही एकदा लिहून मोकळा होत असणार. पण आमगावच्या रस्त्यावर एक राईस मिल आहे आणि तिथे शामकला टेंभरे नावाची बाई कामाला आहे, वय शेहेचाळीस, शिक्षण नववी. ती ही यादी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचते. नुसती वाचत नाही, जेवणाच्या सुट्टीत डबा उघडायच्या आधी बाकीच्यांना ऐकवते. लग्नपत्रिका आली की निमंत्रकांत आपलं नाव आहे का, हे माणसं जितक्या हौसेने शोधतात, तितक्याच हौसेने ती त्या यादीत बोट फिरवते.

"ऐका वो," ती म्हणते, "आता व्हिडीओ मधातच बंद पडला त जेथून पडला तेथूनच चालू होईन. पयल्यापासून पाहाचं काम नाई."

"मी पाहातच नाई," गोण्या शिवणारी मुन्नीबाई भात कालवत म्हणते. "मले कोठून बी चालू झाला त का फरक पडते?"

ॲपचं नाव 'कामशाळा'. परदेशात तांदूळ पाठवणाऱ्या व्यापाऱ्यांनी मिलच्या सेठजींना सांगितलं होतं, की कामगार शिकलेले पाहिजेत आणि तसं प्रमाणपत्रही पाहिजे. सेठजींनी मिलमधल्या बत्तीसही जणांच्या मोबाईलवर ॲप टाकून घेतलं. धुळीपासून नाक कसं जपावं, चालू पट्ट्याजवळ पदर कसा आवरावा, गोणी उचलताना कंबर कशी वाचवावी, भट्टीपाशी काय करू नये, असे त्यात धडे. लोकांनी यावर लगेच तोड काढली. मोबाईल गोणीला टेकवायचा, धडा लावून द्यायचा आणि आपण चहाला जायचं. धडा पूर्ण, शिकणं शून्य, आणि सगळे खूश.

शामकला मात्र धडे बघायची, तेही दोन-दोनदा. तिला नव्या गोष्टीची भूकच तशी. चौदा वर्षांपूर्वी ती या मिलमध्ये अंगणात धान पसरायला म्हणून आली. मग गोण्या शिवल्या, मग नमुन्याच्या टेबलावर बसली. तांदूळ तळहातावर घेऊन त्यात कनकी किती, म्हणजे तुटका दाणा किती, हे ती नजरेने सांगते आणि मोजायला गेलं तर दोन-चार दाण्यांचा फरक पडतो. धानातला ओलावा मोजायची मशीन आली तेव्हा बाकीच्या बाया तिला हात लावायला भीत होत्या. शामकलाने ती बसवायला आलेल्या माणसाला इतके प्रश्न विचारले, की तो जेवायलासुद्धा न थांबता गोंदियाला परत गेला, असं मुन्नीबाई अजून सांगते.

आणि आता मिलमध्ये सॉर्टर येणार होता. काळा, पिवळा, डागी दाणा कॅमेऱ्याने हेरायचा आणि हवेच्या फुंकरीने बाजूला उडवायचा, असं ते यंत्र. शामकलाने ते गोंदियाच्या एका मिलमध्ये दहा मिनिटं पाहिलं होतं. जे काम तिने चौदा वर्षं डोळे फोडून सुपात केलं, ते यंत्र बघता बघता करत होतं, आणि त्याच्यासमोर एक माणूस खुर्चीवर बसून काचेवर बोट लावत होता. घरी येऊन तिने नवऱ्याला, खुशालला, तीन वेळा सगळं सांगितलं. चौथ्या वेळी तो गुरांना पाणी पाजायला निघून गेला.

ते यंत्र तिला चालवायचं होतं. आजवर या मिलमध्ये बाईने यंत्र चालवलं नव्हतं. तशी मनाई नव्हती, पण घडलंही नव्हतं. सेठजींची अट साधी होती. कामशाळेचं प्रमाणपत्र असेल त्याचाच विचार होईल. सोमवारी सॉर्टरच्या कंपनीचा माणूस येऊन एकाच जणाला शिकवणार आणि ते नाव शनिवारी दुपारपर्यंत कळवायचं. धान वाळवणाऱ्या यंत्रावरचा लीलाधर पहिल्याच झटक्यात पास झाला होता आणि सेठजींच्या तोंडी त्याचंच नाव होतं. शामकला दोनदा नापास झाली होती. तीन वेळा परीक्षा देता येते. तिसऱ्यांदा चुकलं, की दार तीन महिने बंद.

सगळी माशी सातव्या प्रश्नात शिंकली होती.

या मिलमध्ये उसना, म्हणजे उकडा तांदूळ होतो. धान उकडायला वाफ लागते, वाफेला बॉयलर आणि बॉयलरच्या भट्टीला भुसा. धानावरचं टरफल म्हणजे भुसा. टरफल निघाल्यावर तांदळाच्या अंगावरून जी पिवळसर, तेलकट भुकटी निघते तो कोंडा. भुसा भट्टीत जातो, कोंडा तेलाच्या कारखान्यात. गोंदिया जिल्ह्यात हे शेंबडं पोरही सांगेल.

सातवा प्रश्न असा होता : 'बॉयलरच्या भट्टीत इंधन म्हणून काय टाकावे?' चार उत्तरं दिली होती. त्यात भुसाही होता आणि कोंडाही होता. शामकलाने हसत हसत 'भुसा' दाबलं. लाल फुली आली. 'बरोबर उत्तर : कोंडा.' आणि खाली, 'आगीच्या सुरक्षेचे सर्व प्रश्न बरोबर असणे आवश्यक आहे. आपण अनुत्तीर्ण आहात.'

तिला वाटलं, बोट घसरलं असेल. दुसऱ्या दिवशी चष्मा पुसून, बोट पदराला पुसून तिने पुन्हा भुसाच दाबला. पुन्हा फुली. वीसपैकी एकोणीस बरोबर, आणि बाई नापास.

मिलने यावरही तोड काढली होती. पहिले दोघं-तिघं आपटले आणि मग सगळीकडे निरोप फिरला, 'सातव्याले कोंडा'. लोक तेवढं पाठ करून परीक्षेला बसू लागले आणि धडाधड पास झाले. पुढे पुढे ती म्हणच झाली. सेठजींनी विचारलं, "गोदाम झाडा क्या?" आणि झाडलं नसलं, तरी "हो सेठजी" म्हणायचं आणि शेजारच्याला हळूच म्हणायचं, सातव्याले कोंडा. भाषा बदलून हिंदीत परीक्षा द्यावी तर 'ही सोय लवकरच येत आहे' असं तीन आवृत्त्यांपासून नुसतं लिहूनच येत होतं.

खरं तर या मिलमध्ये कोंड्याची गंमत सगळ्यांत जास्त कोणाला ठाऊक असेल तर ती लखनलाल मिस्त्रीला. सगळी यंत्रं त्याच्या हाताखाली. नऊ वर्षांपूर्वी जमिनीवर सांडलेला कोंडा झाडून त्याने आळसाने भट्टीच्या तोंडात भिरकावला होता. ती बारीक भुकटी हवेतच पेटली आणि भडका उलटा बाहेर आला. मिस्त्रीच्या भिवया आणि अर्धी मिशी गेली. महिनाभर त्याचा चेहरा असा दिसायचा, जसं कोणीतरी त्याला सारखं नवल सांगतंय. आणि याच लखनलालने सातव्या प्रश्नाला कोंडा दाबून वीसपैकी वीस मिळवले होते.

गुरुवारी सकाळी तो नमुन्याच्या टेबलापाशी आला.

"शामकलाबाई, जिद्द कायले करून राहिल्या? एक चान्स बाकी आहे. कोंडा दाबा अन पास व्हा."

"खोटं उत्तर देऊन?"

"मोबाईल का भट्टी पेटवते? त्याले का समजते?"

"त्याले नाई समजत. पन उद्या नवा मानूस येईन, तो त त्यातूनच शिकन." ती तांदूळ निवडता निवडता थांबली. "मिस्त्री, तुमच्या भिवया कायनं जरल्या होत्या?"

लखनलालचा हात आपोआप कपाळावर गेला. "वो अलग बात है," तो म्हणाला आणि निघून गेला.

शामकला काही हरिश्चंद्राची नात नव्हती. तोंडाला मास्क बांधता का, या प्रश्नाला तीही बिनदिक्कत 'हो' दाबून आली होती. आदल्या दिवशी तिचा अंगठा 'कोंडा'वर दोन मिनिटं तरंगत होता, हेही खरं. त्या यंत्राची तिला इतकी ओढ होती, की झोपेतून उठल्या उठल्या आधी तेच डोळ्यांपुढे यायचं. पण आगीच्या धड्यात उलटं लिहायचं आणि त्याच धड्याच्या जोरावर यंत्रापुढे बसायचं, हे तिच्या गळी उतरेना. तिसरी परीक्षा ती आज देऊ, उद्या देऊ करत राहिली.

आणि गुरुवारी दुपारी ॲपची नवी आवृत्ती आली.

डबे उघडत होते. शामकलाने नेहमीप्रमाणे चष्मा चढवला आणि वाचायला घेतलं. धडे आता उतरवून ठेवता येतील, नेट नसलं तरी दिसतील. "हे बेस केलं," ती म्हणाली. प्रश्न आता आवाजातही ऐकता येतील. "मुन्नीबाई, तुले वाचाचंबी काम नाई." प्रगतीची पट्टी नव्व्याण्णव टक्क्यांवर अडकत होती, ती अडचण दूर केली आहे. यावर तिघा-चौघांनी मान वर केली, कारण पास होऊनही त्यांची अडकलेलीच होती. मग तिचा आवाज एकदम चढला.

"प्रत्येक प्रश्नाखाली 'चूक कळवा' हे नवीन बटन. लिहून, बोलून किंवा फोटो पाठवून कळवता येईल."

तिने ती ओळ दोनदा वाचली. मग डबा तसाच ठेवून उठली.

"जेवा त आधी," मुन्नीबाई म्हणाली.

"जेवन रोजच आहे," शामकला म्हणाली आणि तरातरा चालू लागली.

बटण खरंच होतं. सातव्या प्रश्नाखाली, पिवळ्या रंगाचं. तिने बोलायला सुरुवात केली तर ॲप म्हणालं, 'आवाज अस्पष्ट आहे, कृपया शांत ठिकाणी बोला.' राईस मिलमध्ये शांत ठिकाण! ती राखेच्या ढिगामागे गेली. तिथे आवाज चालला, पण बोलायला एकच मिनिट होतं आणि नमस्कार-चमत्कार, मिल कुठे आहे, तिथे तांदूळ कसा होतो, एवढ्यातच ते संपलं. तिसऱ्यांदा ती सरळ मुद्द्यावर आली. "तुमचा सातवा प्रश्न उलटा आहे. भट्टीत भुसा जाते. कोंडा टाकला त भडका होईन अन मानूस जरन. मी दोन खेप बरोबर उत्तर देऊन नापास झाली." मग तिने वर्तमानपत्राच्या एका पानावर डावीकडे मूठभर भुसा, उजवीकडे मूठभर कोंडा ठेवला, प्रत्येकावर पेनाने नाव लिहिलं, फोटो काढला आणि पाठवून दिला. एवढ्या मोठ्या कंपनीची चूक काढायची ही तिची पहिलीच वेळ, आणि खोटं कशाला बोला, तिला फार मजा येत होती.

उत्तर लगेच आलं. 'आपली सूचना नोंदवली आहे. सात कामकाजाच्या दिवसांत आपल्याशी संपर्क साधला जाईल.'

सात दिवस. आणि शनिवार परवावर. सगळा उत्साह फुस्स झाला. तिने गार भाताचे दोन घास खाल्ले आणि डबा बंद केला.

पण शुक्रवारी अकराच्या सुमाराला अनोळखी नंबरवरून फोन वाजला. शामकला एका हाताने कान झाकत राखेच्या ढिगाकडे पळाली.

"नमस्कार ताई, मी चेतना बोलते, कामशाळेच्या पुण्याच्या ऑफिसमधून. आमच्याकडे मराठी धडे मी बघते. तुमचा फोटो पाहिला म्हणून राहवलं नाही. एक विचारू? आम्ही शब्दकोश बघून भाषांतर केलंय. त्यात टरफलाला कोंडाच दिलाय."

"बेटा, शब्दकोश लिवनारा राईस मिलमंधी आला होता का?"

पलीकडे चेतना हसली, पण मऊ झाली नाही. "तसं नाही ताई. दुसऱ्या भागात कोंडा म्हणजेच टरफल म्हणत असतील तर? एका मिलसाठी बदललं आणि तिकडे गोंधळ झाला, तर साहेब मलाच विचारतील."

शामकलाने फोन या कानाचा त्या कानाला नेला. तेवढ्यात लखनलाल तिथे येऊन उभा राहिला. कानोसा घेतच तो आला असणार. त्याने हात पुढे केला आणि तिने फोन त्याच्या हातात दिला.

"मॅडम, लखनलाल मिस्त्री बोल रहा हूँ. कोंडा मैंने डाला था भट्टी में. नऊ साल झाले. भिवया गेल्या, मूछ गेली. बाई बरोबर बोलून राहिली. और कुछ पूछना है?" आणि फोन परत देऊन तो दुसरीकडे पाहू लागला. वीसपैकी वीसवाल्या माणसाला हे सोपं नव्हतं.

चेतनाने ते लिहून घेतलं. "पण ताई, शब्दाचं काय? मला शब्दाचा पुरावा लागेल."

आणि मग शामकलाला सुचलं. इतकं जवळचं, की आधी कसं सुचलं नाही याचंच तिला हसू आलं.

"बेटा, तुमच्या पुन्यात कोंड्याचा मांडा म्हन्तेत का नाई?"

"म्हणतात ना. माझी आजी नेहमी म्हणायची. गरिबीत कोंड्याचा मांडा करून खाल्ला म्हणून."

"कोंडा खाता येते म्हनून त मांडा होते. भुशाचा मांडा कोनी केला का? टरफल कोनाच्या घशाखाली उतरन?"

चेतना जोरात हसली, पोट धरून हसावं तशी. "ताई, बास. हे मी साहेबांना असंच्या असं सांगते." मग ती घाईने बोलू लागली. प्रश्नाचे शब्द ऑफिसमधूनच बदलता येतात, त्याला नवी आवृत्ती लागत नाही. पण साहेबांची मंजुरी लागते आणि ती कधी मिळेल ते सांगता येत नाही. "तुमचे दोन प्रयत्न संपलेले इथे दिसताहेत, एकच उरलाय. तुमच्यापुरतं मी आत्ताच उत्तीर्ण करून देऊ शकते. देऊ?"

शामकलाच्या तोंडाला पाणी सुटलं, दुसरा शब्द नाही त्याला. एक 'हो' म्हटलं की सोमवारी ती यंत्रापुढे. लखनलाल तिच्याकडे बघत होता.

"नोको," ती म्हणाली. "माह्यापुरतं नोको. सगरे म्हनतीन फोन करून पास झाली. तुमी प्रश्न सुधरवा."

फोन ठेवल्यावर तिने स्वतःलाच दोन शिव्या घातल्या. त्या दिवशी तिच्या हातून नमुन्याची मोजणी दोनदा चुकली, आणि चौदा वर्षांत असं पहिल्यांदा झालं.

शनिवारी साडेअकराला चहा आला. मुन्नीबाईने कप तोंडाला लावला आणि तिच्या कमरेचा मोबाईल वाजला. मग लीलाधरचा. मग लखनलालचा. मग अंगणातून, गोदामातून, भट्टीकडून एकामागून एक वाजत गेले. मुन्नीबाईने आपला मोबाईल शामकलापुढे धरला. "पाह्य वो, का म्हन्ते."

शामकलाने वाचलं. 'प्रश्न ७ मध्ये भुसा आणि कोंडा या शब्दांची अदलाबदल झाली होती. ती दुरुस्त केली आहे. आपण निवडलेले उत्तर आता चुकीचे ठरत असल्याने आपले प्रमाणपत्र तात्पुरते थांबवले आहे. कृपया हा प्रश्न पुन्हा सोडवा.'

तिच्या अंगावर काटा आला. आधी आनंदाने, आणि मग भीतीने, कारण एकतीस जणांचे डोळे तिच्याकडे लागले होते. हे असं उलटेल हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. तिने घाबरत घाबरत आपला मोबाईल उघडला. 'आपले आधीचे उत्तर बरोबर होते. अभिनंदन, आपण उत्तीर्ण आहात.' खाली हिरवं प्रमाणपत्र.

"सगऱ्याईले नापास करून ठेवलं बाईनं," कोणीतरी म्हणालं. कोणी हसलं, कोणी हसलं नाही.

सेठजींनी शामकला, लीलाधर आणि मिस्त्रीला ऑफिसात बोलावलं. त्यांच्या संगणकावर बत्तीस नावांची यादी होती. एकतीस पिवळी, एक हिरवं. "ये क्या तमाशा है?" ते म्हणाले. "बारा बजे कंपनी को नाम देना है, और मिल में एक औरत पास?"

"पाच मिनटं द्या सेठजी, आत्ता देतो पुन्हा," लीलाधर म्हणाला. तो मनाने वाईट नव्हता, घाईत होता. मोबाईल उघडून तो शामकलाकडे वळला. "काकू, सातव्याले आता का दाबाचं?"

"भट्टीत रोज का टाकतेत ते दाब ना बापू. मले कायले विचारून राहिला?"

लीलाधर ओशाळला. लखनलालने घसा साफ केला.

"सेठजी, पाँच मिनट में ये पास हो जाएगा," तो म्हणाला. "लेकिन देखो, पूछ किससे रहा है."

सेठजींनी लीलाधरकडे पाहिलं, यादीकडे पाहिलं. मग कंपनीचा कागद पुढे ओढला आणि पेनाचं टोपण काढलं. "शामकलाबाई, पूरा नाम बोलो."

चौदा वर्षांत तिला या मिलमध्ये कोणी पूर्ण नाव विचारलं नव्हतं. तिने सांगितलं. बाहेर मिल चालू झाली होती. सेठजींनी कानामागे हात धरला, तसं तिने पुन्हा एकदा, जरा मोठ्याने सांगितलं.